निव्वळ वजन

मनामाच्या सुकात, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत,
आमच्या एजन्सीच्या पाटीवर अजून तीन भाषा आहेत.
अरबी उन्हाने विटली, इंग्रजीची दोन अक्षरं पडली,
गुजराती तेवढी शाबूत; ती सावलीच्या बाजूला होती.

मी आलो एकोणीसशे शहात्तरला.
खेडचा मोहसीन परकार, मॅट्रिक, टायपिंग चाळीस.
शेठनी पहिल्या दिवशी एक डबा पुढे सरकवला:
ऑस्टरहाउट ब्रदर्स, ओहायो. टॉफी.
झाकणावर दोन मिशाळ भाऊ,
मागे पाणचक्की, नदी, आणि छपरांवर बर्फ.
बर्फ मी तोवर मासळीच्या पाटीतच पाहिला होता.

आधीचं सगळं दाऊदचाचांकडून ऐकलेलं.
तेलाच्या विहिरीपाठोपाठ अमेरिकन साहेब आले,
मग साहेबांच्या बायका,
आणि त्यांच्या पोरांना हीच टॉफी हवी.
सुरुवात एका लाकडी पेटीने. मग चाळीस.
मग बोटीवरून उतरताना मोजणंच सोडलं.
जूनमध्ये माल कागदासकट पाझरायचा.
चाचा ओल्या गोणपाटाखाली पेट्या झाकायचे,
रात्री दोनदा उठून पाणी शिंपडायचे,
“बाळंतिणीचं काय करतील एवढं,” म्हणायचे.

माझ्या काळात दोहा, दम्माम आमच्याकडून न्यायचं.
सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाच्या बॅगेत एक डबा.
सियालकोटला गेला, कासरगोडला गेला,
खेडला गेला तो आईने रिकामा झाल्यावर ठेवला:
सुया, बटणं, रेशनकार्ड, माझी पत्रं,
शेवटी शेवटी तिची कवळी.

ओहायोहून पत्रं यायची,
खाली सही ई. क्रॅबट्री, निर्यात विभाग.
एकवीस वर्षं. ई म्हणजे एडना की एडविन, कळलं नाही.
एकदा ऑर्डरच्या खाली मी टाइप केलं,
इथे आज एकशे दहा डिग्री.
उत्तरात बिल नंबर, बोटीचं नाव,
आणि कोपऱ्यात पेनाने: इथे नदी गोठली आहे.

उतरण कधी लागली ते मला विचारा.
वजनं मी लिहायचो.
डबा तेवढाच, आत चारशे चोपन्न ग्रॅम.
कंपनी विकली गेली, चारशे; तळाशी पुठ्ठा आला.
पुन्हा विकली, तीनशे चाळीस;
पुठ्ठा जाड झाला, लोण्याच्या जागी पामतेल.
झाकणावरचा एक भाऊ गेला.
मग दुसरा; मिशा तेवढ्या उरल्या, लाल, शोभेच्या.
पाणचक्की गेली, नदीची झाली एक निळी रेघ.
बर्फ टिकला.
तो मुळात कोराच कागद होता, त्याला शाईचा खर्च नाही.

क्रॅबट्रीच्या जागी ईमेल येऊ लागले,
यांना उत्तर देऊ नये असं खाली लिहिलेले.
एक दिवस तेही बंद. कारखान्याला कुलूप,
हे आम्हाला कळलं बोटीच्या एजंटाकडून, चौकशी केली तेव्हा.

शेवटचा कंटेनर पडून राहिला.
शेठच्या नातवाने तुर्की चॉकलेट आणलं होतं, ते खपत होतं.
मुदत संपलेला माल अस्करच्या डेपोत,
बलदियाच्या अधिकाऱ्यासमोर नष्ट करायचा, असा नियम.
सहीला मी गेलो.
बुलडोझरवर गंगाबहादूर, पोखऱ्याचा.
“एक घेऊ का?” त्याने विचारलं.
अधिकाऱ्याने पाठ फिरवली,
आणि पाठीमागून हात पुढे केला.
आम्ही तिघांनी एकेक खाल्ली.
साखर होती. बाकी मेणबत्ती.

बुलडोझर फिरला, डबे चेपले, ऊन लागलं,
आणि वास सुटला लोण्याचा,
जे त्यात वीस वर्षं नव्हतं.

फॉर्मवर रकाना होता: नग, निव्वळ वजन.
सवयीने मी चारशे चोपन्न लिहिलं.
अधिकाऱ्याने तपासलं नाही. शिक्का मारला.